आधी ऊब, मग उंदीर

पत्र: सप्रेम नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने दोन वर्षे हट्ट धरल्यानंतर अखेर आम्ही त्याला कॉर्न स्नेक जातीचा एक वर्षाचा साप घेऊन दिला. सापाची लांबी सुमारे दोन फूट आणि वजन ७० ग्रॅम आहे. त्याची तीन फुटांची लाकडी पेटी दिवाणखान्यात खोली तापवणाऱ्या रेडिएटरशेजारी ठेवली आहे. पेटीच्या एका टोकाला तळाशी विजेवर तापणारी मॅट असून तिच्यावर झाडाच्या सालीच्या तुकड्यांचा तीन इंचांचा थर आहे. दुसऱ्या टोकाला पाण्याचे भांडे आणि लपण्यासाठी नारळाची करवंटी आहे. काचेवर चिकटवलेला गोल तापमापक २४ अंश दाखवतो. घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाने त्याला पूर्ण वाढलेला एक उंदीर दिला. सापाने तो गिळला, पण दुसऱ्या दिवशी मुलाचे मित्र आले तेव्हा साप हातात फिरवला गेला आणि त्याच्या पुढच्या दिवशी त्याने तो उंदीर अर्धवट कुजलेल्या अवस्थेत ओकून टाकला. चार दिवसांनी दिलेल्या उंदराकडे त्याने पाहिलेही नाही. या गोष्टीला आठ दिवस झाले. आमचे घर शाकाहारी आहे आणि उंदरांची पाकिटे फ्रीझरमध्ये मोदकांशेजारी ठेवणे मला फार जड जाते. चिकनचे तुकडे देऊन चालेल का? सासूबाई म्हणतात, वाटीभर दूध ठेवून पाहा. डिसेंबरमध्ये आम्हाला तीन आठवडे पुण्याला जायचे आहे, तेव्हा याचे काय करायचे?

उत्तर:

प्रिय भगिनी,

आपल्या पत्रात प्रश्न बरेच आहेत. पण साप ओकला का आणि आता तो खात का नाही, हे दोन प्रश्न माझ्या दृष्टीने एकच आहेत, आणि त्यांचे बरेचसे उत्तर त्या मॅटवरच्या तीन इंचांच्या थरात दडलेले आहे. म्हणून मी आधी उष्णतेविषयी सविस्तर लिहितो. तोवर एक कळकळीची विनंती: पेटीतील व्यवस्था सुधारेपर्यंत सापाला काहीही खायला देऊ नका. दर दोन दिवसांनी नवा उंदीर समोर धरून पाहण्याचा मोह होतो, माझ्या पहिल्या सापाच्या वेळी मलाही तो आवरला नव्हता, आणि त्या उतावीळपणामुळे साप दुसऱ्यांदा ओकला होता. आपला साप एक वर्षाचा आहे, पत्रावरून तरी अंगाने बरा आहे. पाणी मिळत राहिले तर दोन-तीन आठवड्यांच्या उपासाने त्याचे काही बिघडणार नाही.

आपण जेवतो त्यातील मोठा हिस्सा शरीर ३७ अंशांवर टिकवण्यात खर्च होतो. सापाला हा खर्च नसतो, म्हणून तर त्याला आठवड्याला एक उंदीर पुरतो. पण त्या काटकसरीची किंमत अशी की गिळलेले पचवण्यासाठी लागणारी ऊब त्याला बाहेरून मिळवावी लागते. कॉर्न स्नेकचे मूळ घर अमेरिकेच्या आग्नेय भागात आहे. फ्लॉरिडा, जॉर्जिया, कॅरोलिना या राज्यांतील पाइनच्या रानांत आणि शेतावरील कोठारांत तो उंदरांच्या मागावर असतो, जशी आपल्याकडे धामण असते. तिथे पोट भरलेला साप ऊन लागलेल्या लाकडाखाली किंवा तापलेल्या पत्र्याखाली जाऊन पडून राहतो. ही ऊब मिळाली नाही तर पाचकरसांचे काम मंदावते, पोटातील उंदीर पचण्याआधी कुजू लागतो, आणि कुजणारे भक्ष्य पोटात ठेवणे जिवावर बेतेल म्हणून साप ते बाहेर टाकतो. आपल्याला जे आजारपण वाटले ते त्याच्या शरीराने वेळेवर केलेले शहाणपण होते.

आता आपल्या पेटीकडे पाहू. तापमापक २४ अंश दाखवतो हे खरे असेल, पण तो काचेचे आणि तिच्याजवळच्या हवेचे तापमान दाखवतो. साप जिथे अंग टेकतो त्या जागेविषयी तो काहीच सांगत नाही. सालीचे तुकडे उष्णता सहज पुढे जाऊ देत नाहीत. त्यामुळे तीन इंचांच्या थराखाली मॅटची उष्णता कोंडून राहते आणि थराच्या वर जवळजवळ काहीच पोहोचत नाही. पातेल्यातला भात तळाशी करपावा आणि वर कच्चा राहावा, तसा हा प्रकार आहे. त्यातच मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक मर्यादेत ठेवणारे उपकरण, असल्याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. तो नसेल तर झाकलेल्या मॅटचा पृष्ठभाग ४० अंशांच्या पुढे सहज जातो, आणि कॉर्न स्नेकला भुसभुशीत थरात शिरून बसण्याची आवड असल्याने तो एखाद्या रात्री थेट त्या मॅटवर जाऊन निजेल. साप भाजणाऱ्या पृष्ठभागावरून वेळीच बाजूला होतो असा आपला समज असतो, पण पोटाचे खवले भाजून लाल-तपकिरी झाले तरी साप तिथेच पडून राहिल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना नेहमी पाहावी लागतात. थर्मोस्टॅट नसेल तर हे पत्र खाली ठेवून आधी मॅटचे बटण बंद करा आणि तो आणेपर्यंत खोली उबदार ठेवा.

याहून बारीक, पण मला अधिक महत्त्वाची वाटणारी चूक करवंटीची आहे. पेटीत लपण्याची जागा एकच आहे आणि ती थंड टोकाला आहे. नव्या घरात आलेल्या, बुजलेल्या सापापुढे ऊब आणि आडोसा यांपैकी एक निवडण्याची वेळ आली तर तो बहुधा आडोसा निवडतो. म्हणजे मॅट उत्तम चालत असती तरीही पोटात भला मोठा उंदीर घेऊन आपला साप थंड कोपऱ्यातील करवंटीत बसून राहिला असता. उबदार टोकाला अगदी तशीच दुसरी करवंटी ठेवा. दोन्ही इतक्या लहान असाव्यात की वेटोळे घातल्यावर त्याचे अंग कडांना टेकेल. प्रशस्त आडोसा माणसाला बरा वाटतो, सापाला नाही.

रेडिएटरशेजारची जागाही बदला. घरातील हीटिंग सकाळी आणि संध्याकाळी चालू होते, रात्री बंद पडते, आणि पेटीच्या भिंती त्यासोबत तापतात व निवतात. अशा परिस्थितीत कोणताही थर्मोस्टॅट तापमान नीट राखू शकत नाही. पेटी घराच्या आतल्या भिंतीला लागून, खिडकीपासून आणि थेट उन्हापासून दूर ठेवावी.

आपल्याला हवे आहे ते एकसारखे तापमान नव्हे, तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू उतरत जाणारे तापमान, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे सरकू शकेल. उबदार टोकाला, साप जिथे प्रत्यक्ष पडून राहील त्या पृष्ठभागावर २९ ते ३१ अंश सेल्सिअस, आणि थंड टोकाला २१ ते २४ अंश असावेत. रात्री उबदार टोकही उतरून २० अंशांच्या आसपास आले तर निरोगी सापाला चालते, मात्र पोटात अन्न असताना आणि विशेषतः या पहिल्या दोन महिन्यांत मी ते रात्रीही उबदार ठेवीन.

हे साधण्याचा स्वस्त मार्ग असा. मॅट ठेवा, पण तिच्यावरील थर एक-दीड सेंटिमीटरपर्यंत उतरवा. जाड थर हवाच असेल तर तो थंड टोकाला करावा. मॅट तळाच्या साधारण एक तृतीयांश भागापेक्षा मोठी असू नये, नाहीतर थंड टोक उरतच नाही. मॅटसाठी साधा चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट पुरतो. त्याचा संवेदक (सेन्सर) मॅटच्या बरोबर वरच्या पृष्ठभागावर असा पक्का बसवा की साप तो ढकलून बाजूला नेऊ शकणार नाही, कारण संवेदक थंड कोपऱ्यात घसरला की थर्मोस्टॅट पेटी गार आहे असे समजून मॅट तापवतच राहतो. चिकटपट्टी मात्र पेटीच्या आत वापरू नका. तिला चिकटलेल्या सापाची कातडी सोडवणे फार वाईट काम आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते वरून येणाऱ्या उष्णतेच्या बाजूने आहे. ऊन वरूनच येते, आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात लाकडी पेटीतील हवाही तापवण्याची ताकद मॅटमध्ये नसते. पुढेमागे आपण छताला दिवा बसवलात तर त्याला मंद-प्रखर करणारा, म्हणजे डिमिंग प्रकारचा थर्मोस्टॅट लागेल, कारण चालू-बंद प्रकारावर दिवा सतत लुकलुकतो आणि लवकर जातो. प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर लावलात तर वीज थोड्या थोड्या ठोक्यांत सोडणारा, म्हणजे पल्स प्रकारचा लागेल. दोन्हींभोवती जाळीचे संरक्षण अनिवार्य आहे, कारण कॉर्न स्नेक उत्तम चढतो आणि छताजवळच्या तापलेल्या वस्तूला विळखा घालणे त्याला अगदी सोपे आहे. दुकानात मिळणारे विजेवर तापणारे कृत्रिम दगड मात्र कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. ते एकाच जागी बेताल तापतात.

गोल तापमापक काढून टाका. तारेच्या टोकाला संवेदक असलेले दोन डिजिटल तापमापक घ्या आणि एक उबदार करवंटीच्या आत जमिनीवर, दुसरा थंड करवंटीच्या आत ठेवा. तीन-चार दिवस सकाळी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी मुलाला दोन्ही आकडे वहीत लिहायला लावा. हे आकडे स्थिर झाल्याशिवाय अन्नाचा विचार करायचा नाही.

आता त्या पहिल्या उंदराविषयी. ७० ग्रॅमच्या सापाला पूर्ण वाढलेला उंदीर, म्हणजे जवळजवळ २० ग्रॅमचे भक्ष्य, हे फार झाले. भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकी, फार तर त्याच्या दीडपट असावी आणि या वयात वजन सापाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावे, हा हिशेब ठेवला की चूक होत नाही. ब्रिटनमध्ये गोठवलेले उंदीर वाढीच्या टप्प्यांप्रमाणे विकले जातात: अंगावर केस नसलेली पिल्ले ‘पिंकी’, लव आलेली ‘फझी’, डोळे उघडून उड्या मारू लागलेली ‘हॉपर’, आणि त्यापुढे मोठे उंदीर. आपल्या सापाचा नेहमीचा घास सहा ते आठ ग्रॅमचा, म्हणजे मोठी फझी किंवा लहान हॉपर, आणि तो सात ते दहा दिवसांतून एकदा. पूर्ण वाढ झाल्यावर हे अंतर दहा ते चौदा दिवसांपर्यंत न्यावे. पाळीव सापांमध्ये उपासमारीपेक्षा लठ्ठपणा अधिक आढळतो आणि त्याला कारण आपले लाड असतात.

पण या नेहमीच्या घासावर लगेच यायचे नाही. ओकताना सापाचे पाचकरसही बाहेर पडतात आणि अन्ननलिका सोलवटते. ते भरून येण्यासाठी ओकल्यापासून किमान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. आपल्याकडे त्यातले बारा दिवस तसेही गेले आहेत. तेव्हा तापमानाचे आकडे स्थिर झाल्यावर एक लहान पिंकी, एक-दोन ग्रॅमचीच, संध्याकाळी दिवे मंद करून द्यावी. ती पचली, आणि पचल्याची खूण म्हणजे काही दिवसांनी पेटीत दिसणारी विष्ठा, तर आठ-दहा दिवसांनी तशीच दुसरी आणि मग हळूहळू फझी. पुन्हा ओकला तर मात्र तिसरा प्रयोग घरी करू नका; सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यकाकडे न्या आणि शक्य असल्यास ओकलेला भाग व विष्ठेचा नमुना डबीतून सोबत न्या. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात सापाची माहिती असेलच असे नाही, म्हणून फोन करून आधी विचारून घ्यावे. पोटाच्या मधोमध गाठीसारखा फुगवटा, तोंडातून बुडबुडे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे किंवा पोटाच्या खवल्यांवर भाजल्याच्या खुणा यांपैकी काही दिसले तर दुसऱ्या ओकण्याची वाटही पाहू नका.

गोठवलेला उंदीर झाकणाच्या डबीत ठेवून आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावा. देण्यापूर्वी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोसवेल इतक्या गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, म्हणजे त्याचे अंग जिवंत उंदराइतके कोमट होते आणि सापाला त्याची चाहूल लागते. आतून तो गार राहिलेला नाही ना, हे बोटाने दाबून पाहावे. मध्यभागी बर्फाचा गोळा असलेला उंदीर हेही ओकण्याचे एक कारण असते. मायक्रोवेव्ह वापरू नये. त्यात उंदीर कुठे शिजतो, कुठे गोठलेला राहतो, आणि कधीकधी फुटतो. मग तो मायक्रोवेव्ह आपण पुन्हा वापरणार नाही, हे मी खात्रीने सांगतो. भक्ष्य लांब चिमट्याने धरून द्यावे, हाताने नाही, कारण हाताला उंदराचा वास लागला की सापाला बोट आणि घास यांतला फरक कळत नाही. अर्ध्या तासात उचलला नाही तर रात्रभर तिथेच ठेवून बाहेर निघून जावे, आणि सकाळी तसाच असल्यास टाकून द्यावा. पुन्हा गोठवू नये. जिवंत उंदीर मात्र कधीही देऊ नका. उंदराला क्रूर मरण येते हे तर आहेच, शिवाय कोंडीत सापडलेला उंदीर सापाला चावून कायमचे जायबंदी करू शकतो.

गिळल्यानंतर पूर्ण ४८ तास सापाला हात लावायचा नाही. मित्रांच्या त्या भेटीत नेमका हाच नियम मोडला गेला. खरे तर नवा साप आणल्यावर पहिले पाच-सात दिवस त्याला खाणेही देऊ नये आणि हातातही घेऊ नये. डोळे निळसर-दुधी दिसू लागले की तो कात टाकण्याच्या बेतात आहे असे समजावे. त्या आठवड्यात त्याने खाल्ले नाही तर काळजीचे कारण नाही.

चिकनच्या तुकड्यांनी काम भागणार नाही. साप उंदीर अख्खा गिळतो तेव्हा त्याला मांसासोबत हाडांतील कॅल्शियम आणि यकृतातील जीवनसत्त्वे मिळतात; नुसत्या मांसावर तो काही महिन्यांत कमकुवत होईल. दुधाविषयी सासूबाईंना आदरपूर्वक एवढे सांगा की सापाच्या शरीरात दूध पचवण्याची सोयच नाही. गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिणाऱ्या धामणीची गोष्ट मीही लहानपणी ऐकली आहे, आणि नागपंचमीला वाटीला तोंड लावणारा नागही पाहिला आहे. तो कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असे, म्हणून समोर येईल ते द्रव पीत असे. आपल्या सापासमोर रोज बदललेले स्वच्छ पाणी असावे, त्याला दुसरे काही लागत नाही.

मोदकांचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. भावनेइतकेच त्याला आरोग्याचेही कारण आहे. गोठवलेल्या उंदरांतून माणसांना साल्मोनेलाचा संसर्ग झाल्याच्या घटना ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणांनी नोंदवल्या आहेत आणि हा जंतू गोठवल्याने मरत नाही. पाच वर्षांखालील मुले आणि वृद्ध यांना त्याचा धोका अधिक, म्हणजे आपल्या घरात सासूबाईंचा विचार आधी व्हायला हवा. शक्य असल्यास गॅरेजमध्ये किंवा मुलाच्या खोलीत छोटा वेगळा फ्रीझर ठेवा. तो घेईपर्यंत पाकिटे घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या डब्यात सर्वांत खालच्या खणात असू द्या. वितळवण्याचे भांडे, चिमटा आणि वजनकाटा सापाचा वेगळा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये त्यातले काही धुवायचे नाही, आणि साप किंवा उंदीर हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. हे सारे काम मुलानेच करावे. तरीही लक्ष आपल्याला ठेवावे लागेल, कारण २००६ च्या ब्रिटिश प्राणी कल्याण कायद्याप्रमाणे सोळा वर्षांखालील मुलाच्या प्राण्याची जबाबदारी त्याच्या पालकांवर असते. कॉर्न स्नेक सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. मुलगा विद्यापीठात जाईल तेव्हा ती पाकिटे आपल्याच फ्रीझरमध्ये असण्याची शक्यता आहे. हे मनाला मुळीच पटत नसेल तर आत्ताच, साप निरोगी असताना, त्याला जाणत्या माणसाकडे सोपवणे अधिक प्रामाणिक ठरेल. सापाला शाकाहारी करण्याचा मार्ग अस्तित्वात नाही.

पुण्याच्या प्रवासाविषयी. डिसेंबरपर्यंत तो नियमित खाऊ लागला असेल असे धरले तर शेवटचे खाणे निघण्याच्या आठ दिवस आधी द्या आणि पुढचे परत आल्यावर. मध्ये जाणाऱ्या चार आठवड्यांनी धडधाकट सापाला इजा होत नाही. अर्धपचलेले पोट घेऊन मात्र त्याला मागे ठेवू नका, कारण त्या काळात वीज गेली किंवा थर्मोस्टॅट बिघडला तर पुन्हा हाच प्रकार घडेल. घराचे हीटिंग पूर्ण बंद न करता १८ अंशांवर ठेवावे. शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन दोन दिवसांआड पाणी बदलायला आणि दोन्ही तापमापकांचा फोटो पाठवायला सांगा. सरकत्या काचांना कुलूप लावणे त्यांनी विसरू नये, कारण अर्धा इंच फट दोन फुटांच्या सापाला पुरते. उंदीर देण्याचे काम त्यांच्यावर सोपवू नका. आणि मुलाला तिकडे गेल्यावर गावच्या शेतात धामण दिसली तर ती दुरून पाहू द्या. तिथे नाग, धामण, अजगर यांच्यासारखे साप पकडून घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि साप घरातच शिरला तर सर्पमित्राला बोलवायचे असते, हे त्याच्या चुलतभावंडांनाही ठाऊक असेल.